वर वारा, खाली झरा

सनाबिस, बहरीन
२ जानेवारी १९९४

पूर्णिमा,

'चिरंजीव' लिहायला घेतलं आणि पेन अडलं. दीड वर्ष जी मुलगी आईशी अवाक्षर बोलली नाही, तिला आशीर्वाद पाठवावेत की नाहीत, या विचारात चहा गार झाला. शेवटी ठरवलं, आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहायला नकोत.

मी फोनवर म्हटलं होतं, "त्या डोंगरावर जायचं असेल तर मला परत फोन करू नकोस." तू डोंगरावर गेलीस आणि फोनही केला नाहीस. बोलल्या शब्दाला जागायची ही खोड तू कुणाकडून उचललीस ते मला ठाऊक आहे, म्हणून तक्रार करत नाही. पण पत्र लिहू नकोस असं आपल्यापैकी कुणीच म्हटलं नव्हतं. तेव्हा लिहिते.

बाबा शुक्रवारी तुझ्याशी फोनवर बोलतात तेव्हा मी मिक्सर बंद करून ओट्याशी उभी राहते. ऐकू येतं ते त्यांचं "हं, हं, वा" एवढंच. बाकीचं मी नंतर त्यांच्याकडून काढून घेते. मे महिन्यात तू पुन्हा जाणार आहेस आणि या वेळचं शिखर मोठं आहे, हे मला कळलं आहे. त्यावर मी काही लिहिणार नाही. लिहायला बसले तर हे पत्र पोस्टात पडणार नाही.

इकडची बातमी सांगते. तुला महमुदा आठवते ना? जिदहफ्सच्या बाजारात तिचं आणि जैनुद्दीनभाईंचं शिवणाचं दुकान आहे. तुझे शाळेचे सगळे युनिफॉर्म तिनेच शिवले. ती मूळची हर्णैची, खाडीत पोहत मोठी झालेली. इथे आल्यापासून मात्र तिने समुद्र फक्त गाडीच्या काचेतून बघितला होता. बायकांनी सगळ्यांदेखत पाण्यात उतरायचं तर कपड्यांचा प्रश्न येतो, आणि तिला तो मोठा वाटतो.

तर झालं असं की, ऑक्टोबरात तिच्या दुकानात पाणबुड्यांच्या क्लबातला एक माणूस काळा रबरी सूट घेऊन आला. चेन तुटली होती. महमुदाने चेन बसवली, सूट उलटा-सुलटा करून पाहिला. मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत पाय, वर डोकं आणि कान झाकणारी टोपी. तिने त्याला विचारलं, "हे थंडीत सगळेच घालतात? पुरुषसुद्धा?" तो म्हणाला, "थंडीत याच्याशिवाय कोण उतरेल?" दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. "शुभदाताई, आयुष्यात पहिल्यांदा असं झालंय की सगळ्या दुनियेला माझ्यासारखे कपडे घालावे लागणार. आता मी नाही गेले तर मीच मूर्ख."

ती आता तिथे शिकते. मी सोबतीला जाते. काठावर बसून टॉवेल धरते. तुला माहीतच आहे, गळ्यापर्यंत पाणी आलं की मला धाप लागते.

यंदा इथे थंडी बरीच आहे. तिकडे बर्फात तू आतून काय घालतेस? लोकरीचं, की दुसरं काही असतं? सहज विचारलं.

आई


१५ जानेवारी १९९४

पूर्णिमा,

मागच्या पत्रात टॉवेल धरते असं लिहिलं होतं. धरते हे खरंच आहे. पण तो माझाच असतो.

क्लबाचा नियम असा की पाण्याखाली एकट्याने जायचं नाही, जोडीदार हवा. महमुदाला जोडीदार कोण? दुसऱ्या बायका नव्हत्या. ती म्हणाली, "तू नुसतं नाव दे, पुढचं पुढे बघू." त्या 'पुढे'त मी नोव्हेंबरपासून पोहण्याच्या तलावात बुडते आहे. वय सत्तेचाळीस, डोळ्याला चष्मा, शाळेत मुलींना भूमिती शिकवते, आणि संध्याकाळी पाठीवर सिलिंडर बांधून तळाशी गुडघे टेकून बसते. बाबांना पहिल्यापासून माहीत आहे. ते तुला फोनवर सांगणार होते, मी डोळे वटारले म्हणून गप्प बसले.

काल संक्रांत होती आणि काल आमची शेवटची परीक्षा होती, खुल्या समुद्रात.

गुरुवारपासून शमाल सुटला होता. उत्तरेकडून येणारा हा वारा तुला आठवत असेल. लहानपणी तू त्याच्याकडे पाठ करून फ्रॉक धरून उभी राहायचीस. सकाळी धक्क्यावर गेलो तर समुद्र राखाडी, त्यावर पांढरे तुरे, आणि वारा असा की अहमदची टोपी उडून थेट दुसऱ्याच्या होडीत. अहमद आमचा शिक्षक. एरवी तो बँकेच्या काउंटरवर बसतो आणि शुक्रवारी आम्हांला बुडवतो. तो म्हणाला, "बोट जाऊ शकते. ज्यांना नको वाटतं त्यांनी परत जावं, कुणी हसणार नाही." मी परत जायला एका पायावर तयार होते. पण महमुदा आधीच बोटीत उडी मारून बसली होती आणि तिथून ओरडत होती, "यल्ला, यल्ला! चला!"

आमच्याबरोबर सदानंद होता, बाबांच्या कंपनीतला हिशेबनीस, गिरगावचा. कोर्सभर तो आम्हांला समुद्राविषयी व्याख्यानं देत होता. बोट धक्क्यापासून सुटली आणि त्याचं व्याख्यानही सुटलं. तो कठड्यावर वाकला तो वाकलेलाच. मी डबा उघडून सगळ्यांना तिळगूळ दिला. अहमदला सांगितलं, हे खाल्लं की गोड बोलायचं असतं. त्याने दोन वड्या तोंडात टाकल्या आणि सदानंदकडे पाहून म्हणाला, "हबीबी, तू आज फार सुंदर दिसतोस." सदानंदने तशा अवस्थेतही हसायचा प्रयत्न केला आणि पुन्हा वाकला.

पाण्यात पडले तेव्हा काय झालं ते सांगते. थंडी आधी मानेतून आत शिरली, मग पाठीच्या कण्यावरून कुणीतरी बर्फाचा खडा सोडल्यासारखी खाली गेली. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी शाळेत कधी काढला तर मुली आठ दिवस वर्गात बसणार नाहीत. लाटा तोंडावर आपटत होत्या, बोट वरखाली होत होती, काही ऐकू येत नव्हतं. अहमदने अंगठा खाली केला. म्हणजे चला.

नांगराचा दोर धरून आम्ही खाली निघालो आणि हातभर खाली गेलो नाही तोच वारा संपला.

पूर्णिमा, संपला म्हणजे एकदम संपला. वर एवढा धुमाकूळ, आणि खाली एखाद्या घरात दुपारी सगळे निजलेले असावेत तशी शांतता. फक्त आपला श्वास. मान वर केली की लाटांची खालची बाजू दिसायची, चांदीचा पत्रा कुणीतरी हलवल्यासारखी. मला वाटलं, एवढंसं खाली हे होतं, आणि मी इतकी वर्षं वरच्या वाऱ्याला समुद्र समजत होते.

तळाशी परीक्षा सुरू झाली. माझी अडचण एकच होती. डोळ्यावरचा मास्क पाण्याखाली काढायचा, पुन्हा लावायचा आणि नाकाने हवा सोडून आतलं पाणी बाहेर घालवायचं. तलावात मी ते दोनदा करायला गेले आणि दोन्ही वेळा घाबरून वर पळाले. इथे वर पळायला मनाई. अहमद माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. महमुदाने न विचारता माझा दंड धरला. मी मास्क काढला. गार पाणी उघड्या चेहऱ्यावर असं बसलं की छातीतला श्वास जागच्या जागी थिजला. डोळे गच्च मिटलेले, दिसत काही नाही, तोंडात नळी आहे आणि तीतून हवा येते आहे हे माहीत असूनही पटत नाही. महमुदाने दंड एकदा दाबला. मी श्वास घेतला. हवा आली. आणखी एक घेतला. मग सावकाश, सुईत दोरा ओवावा तसा, मास्क लावला आणि पाणी बाहेर काढलं. डोळे उघडले तर अहमद दोन्ही हात हलवत पाण्याखाली नाचत होता.

त्यानंतर त्याने आम्हांला एक गंमत दाखवली. खडकात एक फट होती आणि तिच्यावरचं पाणी थरथरत होतं, तव्यावरची हवा थरथरते तसं. त्याने माझा हात धरून त्या फटीवर नेला. ऊन! अगं, कोमट पाणी! समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचा झरा. पूर्वी इथे असे पुष्कळ होते, मोत्यांच्या होड्या तिथून पिण्याचं पाणी भरून घ्यायच्या. आता बहुतेक आटले, हा अजून जरासा जिता आहे. बाहेर पाणी गारठलेलं आणि जमिनीच्या पोटातून हे ऊन पाणी येतंय. आम्ही चौघे शेकोटीभोवती बसतात तसे त्या फटीभोवती बसलो आणि हात शेकले. सदानंदसुद्धा. वर त्याची काय दशा होती आणि खाली तो राजासारखा बसला होता. एवढ्यात एक माकूळ आलं, माझ्या हाताएवढं. आमच्याकडे बघत बघत त्याने तीनदा रंग बदलला. शेवटी त्याला आम्ही आवडलो नाही बहुधा. शाईही न सोडता निघून गेलं.

मी हसत होते. पाण्याखाली हसलं की मास्कमध्ये पाणी शिरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग वर आलो, बोटीत चढलो, घरी आलो. खलास. आम्ही तिघंही पास.

तिळगूळ पाठवायला उशीर झाला. पुण्यात तुझ्या आत्याने केला असेलच. माझ्या वाटणीचा खा.

आई


१७ जानेवारी १९९४

पूर्णिमा,

परवाचं पत्र पोस्टात टाकलं आणि तेव्हापासून मनाला चैन नाही. मुली गणितात मधल्या पायऱ्या गाळून एकदम उत्तर लिहितात, तेव्हा मी मार्क कापते. "वर आलो, बोटीत चढलो" हे तसलंच उत्तर होतं. पायऱ्या आता लिहिते. तू बसून वाच.

वर आलो तेव्हा वारा दुप्पट झाला होता. बोटीच्या मागे एक दोर सोडलेला होता, तो धरून पाळीपाळीने शिडी चढायची. सदानंदच्या पायात गोळा आला, म्हणून अहमद आधी त्याला वर चढवायला गेला. मी आणि महमुदा दोर धरून थांबलो. तेवढ्यात एक मोठी लाट आली, बोटीने उसळी घेतली आणि दोराला हिसका बसला. महमुदाची बोटं गारठून बधिर झाली होती. दोर तिच्या हातातून निसटला.

ती माझ्यापासून एक हात लांब होती, मग दोन हात. मी काय विचार केला हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. विचार केलाच नाही. मी दोर सोडला आणि तिच्या जॅकेटचा पट्टा धरला.

लाटा आम्हांला घेऊन निघाल्या. आमच्या फुगवायच्या जॅकेटमध्ये हवा भरलेली होती, त्यामुळे बुडण्याची भीती नव्हती. पण बोट लहान लहान होत चालली. अहमदचा मेहुणा बोट चालवत होता, तो हात हलवत होता, पण बोट जागची हलत नव्हती. नांगर खडकात अडकला होता, हे आम्हांला मागून कळलं. लाटेच्या शेंड्यावर गेलो की बोट दिसायची, खाली आलो की नुसतं पाणी.

महमुदा, जी हर्णैच्या खाडीची मासोळी, ती थरथर कापायला लागली. दात वाजत होते. "शुभदाताई, मला पाय लागत नाहीत गं," म्हणाली. मला तर धाप लागायला हवी होती. पण वर्गात एखादी मुलगी रडायला लागली की माझा आवाज आपोआप खाली येतो, तसा आला.

"महमुदा, सत्तावीसचा पाढा म्हण."

"काय?"

"सत्तावीसचा पाढा. सातवी पास आहेस ना?"

"तू वेडी झालीस काय गो?"

"सत्तावीस एके?"

"सत्तावीस." दात वाजवत. "सत्तावीस दुणे चोपन्न. सत्तावीस त्रिक... एक्याऐंशी."

"सत्तावीस चोक?"

"तुझं डोकं! आमच्या गुरुजींनीसुद्धा एवढा छळ केला नव्हता!"

आणि आम्हांला हसू आलं. भर समुद्रात, वाऱ्यात, दोन म्हाताऱ्या होऊ घातलेल्या बायका एकमेकींचे पट्टे धरून हसत होत्या आणि लाट आली की तोंडात पाणी घेत होत्या. तिचं कापणं थांबलं नाही, पण ती माझ्याकडे बघायला लागली. मग मी पाय जवळ घेऊन तिला चिकटून राहिले, जसं शिकवलं होतं तसं. एकशे आठ हे उत्तर तिने शेवटपर्यंत दिलं नाही. मी दोनशे सत्तरपर्यंत एकटीने पूर्ण केलं.

तिने मध्येच विचारलं, "पूर्णिमाला सांगशील?"

मी म्हटलं, "ती माझ्याशी बोलत नाही."

ती म्हणाली, "बोलत नाही. ऐकत नाही असं कोण म्हणालं?"

शेवटी अहमदने नांगराचा दोर चाकूने कापला आणि बोट आमच्याकडे आली. आम्हांला मासे ओढतात तसं वर ओढलं. सदानंदने आपलं कोरडं जाकीट, कोरडा शर्ट, सगळं काढून आमच्या अंगावर टाकलं आणि स्वतः त्या वाऱ्यात बनियनवर बसला. त्याला उलटी करायचंही भान राहिलं नाही. धक्क्यावर जैनुद्दीनभाई गाडीचा हीटर लावून थांबले होते. त्यांनी महमुदाकडे पाहिलं, तिच्या निळ्या ओठांकडे पाहिलं आणि आल्याचा चहा ओतता ओतता म्हणाले, "मजा आली?" महमुदा म्हणाली, "फार." आणि रडायला लागली. मग आम्ही दोघी रडलो, दोघी हसलो, आणि डब्यातला उरलेला तिळगूळ खारट हातांनी संपवला.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. मग उठून त्यांनी गरम पाण्याची बादली काढली आणि माझे पाय त्यात ठेवले. लग्नाला चोवीस वर्षं झाली, माझे पाय त्यांनी पहिल्यांदा धुतले.

आता तुझ्याबद्दल. मला तुझ्या डोंगराची भीती वाटते. ती या शुक्रवारनंतर कमी झालेली नाही. उलट आधी मी सगळ्याच डोंगराला घाबरत होते, आता नेमकं कशाला घाबरायचं ते कळलं. पण तिथे खाली, त्या ऊन पाण्यावर हात धरून बसले असताना, मला वाटलं की पूर्णिमाला असं काहीतरी दिसलं असणार. नाहीतर माझी पोर आईला सोडून बर्फात कशाला जाईल? मला ते दिसलं नव्हतं म्हणून मी विचारलंही नव्हतं. आता विचारते. काय दिसतं गं वरून?

आणि दुसरं. तुमच्यात दोघं एका दोराला बांधलेले असतात, असं बाबा म्हणाले. तुझ्या दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण असतं? मला फक्त नाव कळव. देवापाशी तुझं नाव घेते तेव्हा तेही घेईन.

आई


६ फेब्रुवारी १९९४

प्रिय पूर्णिमा,

तुझं पत्र मिळालं. बाबांच्या कंपनीतले एक जण पुण्याहून परत आले, त्यांच्या हाती आलं. बाबांनी ते माझ्या हातात दिलं आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहिले. दार अर्धं उघडं ठेवून.

पहिली ओळ वाचली. "आई, तू वेडी झाली आहेस का?"

मग पुढे: "वारा वाढणार हे माहीत असताना कुणी समुद्रात जातं? आणि दोर सोडलास? दोर कधीही सोडायचा नसतो, आई, हा पहिला नियम आहे! तुला काही झालं असतं तर? बाबांनी तुला जाऊच कसं दिलं? पुढच्या वेळी जायच्या आधी मला कळवायचं. मी रात्रभर झोपले नाही."

मी ते मोठ्याने वाचलं. बाबा गॅलरीतून म्हणाले, "हे तुझंच फोनवरचं बोलणं परत आलंय का?" मी इतकी हसले की शेजारच्या बाईंनी दार वाजवलं. मग पत्र पर्समध्ये टाकून जिदहफ्सला गेले आणि महमुदाला वाचून दाखवलं. ती मशीन थांबवून ऐकत होती. "बरोबर रागावलीये," म्हणाली, "अगदी बरोबर. अल्लाने तुला तुझ्याच मापाची मुलगी दिली." जैनुद्दीनभाईंनी पुन्हा वाचायला लावलं.

दुसरं पान मात्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही. पहाटे शिखराच्या कडेवर बसलीस आणि खाली ढग होते, आणि त्या ढगांवर तुमची स्वतःची सावली पडली होती, हे तू लिहिलं आहेस. त्या वेळी घरी सांगावंसं वाटलं पण सांगायला कुणी नव्हतं, हेही लिहिलं आहेस. आता सांगितलंस. पोचलं.

बानूचं नाव मिळालं. ती खूप खाते आणि तिचा हात पक्का आहे, या दोन्ही गोष्टी ऐकून बरं वाटलं. खाणाऱ्या माणसांवर माझा विश्वास बसतो. तिच्यासाठी खजूर पाठवते आहे, डब्यावर तिचं नाव घातलं आहे, तू हात लावू नकोस. तुझा डबा वेगळा. लोकरीच्या आत सुती घालायचं नाही, घामाने ओलं होऊन गारठा धरतं, हे महमुदाला सांगितलं. तिने लगेच विचारलं, मग काय घालतात त्याचा नमुना पाठवशील का? ती शिवून बघणार आहे. तुझं आणि बानूचं माप कळव, छाती आणि उंची, इंचात. मे महिन्याच्या आत पोचतं करते म्हणाली.

तर मे महिन्यात जा. मी 'जा' म्हणते आहे, हे नीट वाच. खुशीने म्हणते. त्या दिवशी मिक्सर चालू असला काय नि बंद असला काय, मला काही ऐकू येणार नाही, पण तू जा आणि वरून काय दिसलं ते उतरल्यावर लिही. जमलं तर उतरताना तुम्हांला गाठायला मी आणि बाबा उत्तरकाशीपर्यंत येऊ. बाबांनी रजेचा अर्ज टाकला आहे. मी डोंगर चढणार नाही. पायथ्याशी बसून टॉवेल धरेन, आणि या वेळी तो खरोखर तुझा असेल.

राहता राहिला माझा समुद्र. रमझान सुरू व्हायच्या आधीचा हा शेवटचा शुक्रवार आहे, मग महमुदाला महिनाभर उतरता येणार नाही. अहमदचा निरोप आला, अकरा तारखेला जायचं. सदानंदही येतो आहे, त्याने उलटी थांबवायच्या गोळ्या घेतल्या आहेत आणि व्याख्यानं पुन्हा सुरू केली आहेत. वारा नसेल असं अहमद म्हणतो. तू जायच्या आधी कळवायला सांगितलं होतंस, म्हणून कळवते आहे. पण टपालाचा वेग बघता हे तुला मिळेल तेव्हा माझं बाहेर येऊन, अंग पुसून, जेवूनसुद्धा झालेलं असेल.

पत्राच्या शेवटी 'काळजी नसावी' असं लिहायची आपल्या घरातली रीत आहे. मी ते लिहीत नाही. तू खुशाल काळजी करत राहा. मी तुझी करतेच आहे.

तुझी
आई